त्या ‘ल’मध्ये कोण आहे?

वर्तकनगरच्या प्रभाकर टिपणीसांनी "मला माहीत नाही" हे तीन शब्द वेळेवर उच्चारले असते, तर पुढचं सगळं रामायण टळलं असतं. पण ज्या माणसाने सव्वीस वर्षं सरकारी कचेरीत साहेबांच्या मसुद्यांमधले ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, ज्याच्या लाल पेन्सिलीला बदलून आलेला प्रत्येक नवा साहेब आधी हसला आणि मग घाबरला, तो माणूस पोटच्या पोरीसमोर असं कसं म्हणेल?

साल अठ्ठ्याऐंशी. टिपणीसांची नीला अकरावीला गेली आणि तिने फ्रेंच घेतलं. का, तर मार्क पडतात. मार्क संस्कृतातही पडतात, असं प्रभाकरपंतांनी तीनदा सुचवून पाहिलं. पण एव्हाना पुस्तकं आली होती. एका संध्याकाळी ती त्यांच्यासमोर येऊन बसली.

"बाबा, फ्रेंचमध्ये टेबल स्त्रीलिंगी का?"

प्रभाकरपंतांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "नपुंसकलिंगी असायला हवं."

"त्यांच्यात नपुंसकलिंगच नाही."

एका सबंध देशाने एक लिंग गमावलं आणि आपल्याला कोणी कळवलंही नाही, याचा त्यांना धक्काच बसला. पण चेहरा सरळ ठेवून ते म्हणाले, "व्याकरण ते व्याकरण, मग कुठलंही असो. रविवारी सांगतो."

शनिवारी कचेरीतून येताना ते स्टेशनजवळच्या एका रद्दीवाल्याकडे शिरले. फ्रेंच शिकवणारं एक जाडजूड पुस्तक आणि चपलांच्या खोक्यात सहा कॅसेटी, असा ऐवज तिथे सापडला. रद्दीवाला खोकं बांधता बांधता म्हणाला, "साहेब, घ्या खुशाल, पण परत आणू नका. दोघांनी परत आणून दिल्यात."

"का? टेप खराब आहे?"

"टेप चांगली आहे," रद्दीवाला म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

रविवारी दुपारी नीला मैत्रिणीकडे आणि सौभाग्यवती हेमा शेजारच्या बिल्डिंगमध्ये डोहाळजेवणाला, अशी निर्वेध वेळ साधून प्रभाकरपंतांनी टू-इन-वन टेबलावर ठेवला. (तेच टेबल. त्याच्याकडे बघताना आता त्यांना उगाचच संकोच वाटत होता.) पहिला धडा सुरू झाला. एका बाईने गोड आवाजात एक वाक्य म्हटलं आणि ती थांबली. शिकणाऱ्याने तेच वाक्य म्हणून पाहावं म्हणून अशा कॅसेटीत मध्ये रिकामी जागा सोडलेली असते. प्रभाकरपंतांनी तोंड उघडलं.

त्यांच्या आधी कोणीतरी खाकरलं.

मग एका पुरुषाने, खर्जातल्या, किंचित घोगऱ्या आवाजात तेच वाक्य म्हटलं. आणि वर म्हणाला, "पन टेबल बाई कशी रं? चार पायांची बाई?"

प्रभाकरपंतांनी मागे वळून पाहिलं. दाराला आतून कडी होती. गॅलरीत नीलाची ओढणी वाळत होती. गोड आवाजाची बाई पुढच्या वाक्याला गेली, जणू तिला काही ऐकूच आलं नव्हतं. पुढच्या रिकाम्या जागेत तो आवाज परत आला. "लिवायची पाच अक्षरं नि बोलायची तीन. बाकीची दोन काय झोपली?"

अगदी हाच प्रश्न, याच शब्दांत नसला तरी याच क्षणी, प्रभाकरपंतांच्या जिभेवर आला होता. दुपारचे साडेतीन वाजले होते, बाहेर लख्ख ऊन होतं, आणि त्यांच्या दोन्ही हातांवर काटा उभा होता.

शेजारच्या मधू प्रधानांना बोलावण्यात आलं. मधू प्रधान हे वर्तकनगरातलं यंत्रांचं आणि सल्ल्यांचं माहेरघर. त्यांनी एक धडा डोळे मिटून ऐकला आणि निदान केलं, "प्रभाकरराव, अहो आधीच्या मालकाने मोकळ्या जागांत स्वतःचा आवाज भरलाय. कॅसेटचे कान मोडलेले असले तरी त्यावर चिकटपट्टी लावली की रेकॉर्ड होतं. घाबरताय काय? आवाज जड येतोय, कारण तुमच्या मशिनचं हेड घाण झालंय." मग त्यांनी घरून स्पिरिट आणि कापूस आणला, हेड चकचकीत पुसलं, हेमाताईंनी केलेला चहा हातात घेतला आणि ऐटीत बटण दाबलं.

बाईने वाक्य म्हटलं. ती थांबली.

"हां," तो आवाज म्हणाला. "आता नीट आयकू येतंय."

मधू प्रधानांनी चहा तसाच अर्धा ठेवला, घरात गॅस चालू राहिल्याचं त्यांना आठवलं, आणि त्यानंतर महिनाभर ते जिन्यात भेटले तरी फक्त हवेबद्दल बोलत. स्पिरिटची बाटलीही त्यांनी परत मागितली नाही.

हेमाताईंनी टू-इन-वनला लिंबू-मिरची बांधली. "परक्या पुरुषाचा आवाज, तोही भर दुपारी," त्या म्हणाल्या. "अहो, नीलाला शिकवायला शिकवणी लावा, हे असलं नको." पण प्रभाकरपंत आता हट्टाला पेटले होते. रविवारी एक टेबल सोडवायचं म्हणून ते बसले होते, आणि आता त्यांच्यापुढे एक माणूस होता, जो त्यांचेच प्रश्न त्यांच्या आधी विचारत होता. मुख्य कारकुनाला हे सहन होण्यासारखं नव्हतं. ते पुस्तक आधी वाचून, उत्तर तयार ठेवून बसू लागले.

आणि गंमत म्हणजे ती भाषा त्यांना आवडू लागली. शब्दाच्या शेवटचं न बोललेलं अक्षर मेलेलं नसतं, नुसतं पडून असतं, हे त्यांना सहाव्या धड्यात कळलं. ‘ले’ या शब्दाच्या शेवटचा ‘स’ एरवी चिडीचूप. पण पुढे ‘आमी’ म्हणजे मित्र आले, की तो जागा होतो आणि ‘ले-झामी’ होतं. आपलं माणूस जवळ आलं की बोलतं, तसं. भूतकाळात काही क्रियापदांना ‘असणे’ लागतं आणि काहींना ‘जवळ असणे’, यावर सगळा वर्ग डोकं आपटतो म्हणे. प्रभाकरपंतांना ते चटकन उमगलं. ‘मी गेलो’ आणि ‘मी खाल्लं’ यांत आपणही फरक करतोच की! जाणं, येणं, राहणं, जन्मणं, मरणं, या सगळ्यांना ‘असणे’. ‘तो मेला’ आणि ‘तो मेलेला आहे’ यांना फ्रेंचमध्ये एकच वाक्य. हे वाक्य आलं तेव्हा टेपवरचा आवाज काहीच बोलला नाही. नुसता श्वास ऐकू आला.

हेमाताई आधी स्वयंपाकघरातून, मग दारातून आणि पुढे वाती वळत खोलीतच बसून ऐकू लागल्या. एका रविवारी त्या म्हणाल्या, "बिचारा केव्हाचा विचारतोय. कोणीतरी सांगा ना त्याला."

म्हणून प्रभाकरपंत मोठ्याने उत्तरं देऊ लागले. दुपारी तीन ते चार वर्तकनगरच्या दुसऱ्या मजल्यावरून एका कारकुनाचा आवाज यायचा, "असं बघा, हे विशेषण नामाच्या मागून येतं," आणि खालच्या मजल्यावरचे लोक खिडक्या लावून घ्यायचे. नीलाची प्रगतीही झाली, पण वेगळ्याच दिशेने. तिच्या प्राध्यापिका तोंडी परीक्षेत हसून म्हणाल्या, "व्याकरण उत्तम आहे गं, पण हे हेल कुठले? तुला फ्रेंच कोणी कोळ्याने शिकवलंय का?" घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा प्रभाकरपंतांचा घास हातातच राहिला. ‘र’ खरवडायचा तो त्या आवाजासारखाच, इतकंच त्यांना ठाऊक होतं. दुसऱ्याच कोणाचा तरी गळा आपल्या घरात वावरतोय, आपल्या मुलीच्या तोंडी उतरलाय, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

सतराव्या धड्यात ते वाक्य आलं. "ज लातां," बाई म्हणाली आणि थांबली.

"ज लातां," आवाज म्हणाला. घाईने, जवळ येऊन, तोंड टेपला लावल्यासारखा. "ज म्हंजे मी. आतां म्हंजे वाट बघतंय. मंग मधला तो ‘ल’ कोन? एकटाच, वर टिकली लावलेला? त्या ‘ल’मधी कोन हाय, सांग ना रं."

प्रभाकरपंतांकडे या वेळी उत्तर तयार नव्हतं. ते पानं उलटेपर्यंत बाई पुढे गेली. पुढच्या रिकाम्या जागेत फक्त टेपची खरखर होती. त्याच्या पुढच्याही. अठराव्या धड्यात, एकोणिसाव्यात, शेवटच्या कॅसेटच्या शेवटापर्यंत कोणी खाकरलं नाही.

उत्तर पुस्तकात होतं. तो ‘ल’ म्हणजे ‘त्याला’, ‘त्याची’. पुढे स्वर आला की त्यातला निम्मा भाग गळून पडतो आणि एकच अक्षर उरतं. ‘मी त्याची वाट बघतो.’ प्रभाकरपंतांनी टेप मागे नेली, तीच जागा आली तेव्हा मोठ्याने सांगितलं, "‘ल’ म्हणजे तो. त्याची वाट." हेमाताईंच्या हातातली वात थांबली. दोघांनी बराच वेळ खरखर ऐकली.

त्या आठवड्यात प्रभाकरपंतांनी कचेरीत ‘निविदा’तली पहिली वेलांटी दीर्घ लिहिली. साहेबांनी ती सुधारली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. घरी येऊन ते म्हणाले, "हेमा, या माणसाला शोधायला हवं."

खोक्याच्या तळाशी डोंबिवलीच्या एका परभाषा वर्गाचा शिक्का आणि नोंद क्रमांक होता. रजा टाकून प्रभाकरपंत तिथे गेले. एका इमारतीच्या पोटमाळ्यावर तो वर्ग होता आणि टेबलामागे नाथा नावाचे गृहस्थ पान खात बसले होते. माजी विद्यार्थ्याचा पत्ता हवा म्हटल्यावर त्यांनी छापील अर्ज पुढे केला. त्यात एक रकाना होता, ‘विद्यार्थ्याशी नाते’. प्रभाकरपंत पाच मिनिटं त्या रकान्याकडे बघत राहिले आणि शेवटी त्यांनी लिहिलं, ‘सहाध्यायी’. मग टेपवरच्या आवाजाची सगळी हकिगत सांगितली.

"आवाज भरलाय होय टेपवर?" नाथा म्हणाले. "प्रश्न तुमचेच असतील ना, तुमच्या आधी विचारलेले? अहो, त्यात नवल नाही. सगळे हेच विचारतात. टेबल बाई का, शेवटची अक्षरं कुठे गेली, ‘गेला’ला ‘असणे’ का. बारा वर्षं बघतोय. पहिल्या महिन्यात तीन धडे होतात, आणि दर वर्षी तेच प्रश्न, त्याच धड्याला. माणसं बदलतात, शंका त्याच राहतात." हे ऐकून प्रभाकरपंतांना जरा हलकं वाटलं, आणि लगेच थोडं वाईटही. आपल्या शंका आपल्या स्वतःच्या आहेत, अशी त्यांची समजूत होती.

नाथांनी वही काढली. "दामाजी कोळी. चेंदणी कोळीवाडा, ठाणे. प्रवेश एक्याऐंशी. शेरा... चालू."

"चालू म्हणजे? सात वर्षं?"

"सोडल्याचा अर्ज आलेला नाही. ज्याने सोडल्याचा अर्ज दिला नाही, तो विद्यार्थी चालूच," नाथा म्हणाले आणि वही मिटली.

चेंदणी कोळीवाड्यात घर सापडायला वेळ लागला नाही. दारात सत्तरीच्या एक बाई सुकी मासळी निवडत बसल्या होत्या. कपाळ मोकळं, नजर खाडीवर. या दामाजींच्या बायको, मंजुळाबाई.

"दामाजी? तो जाऊन सा वर्सं झाली," त्या म्हणाल्या. "तुमी कोन?"

प्रभाकरपंतांनी सगळं सांगितलं. मंजुळाबाईंनी न हसता ऐकून घेतलं. मग मासळीचे हात पुसून त्या सांगू लागल्या. त्यांचा एकुलता मुलगा कान्हा परदेशी बोटीवर कामाला होता. फ्रान्सात मार्सेय नावाच्या बंदराला तो उतरला आणि तिथेच राहिला. एकोणऐंशीच्या दिवाळीत तिथून एक पत्र आलं. दामाजींनी ते कोर्टाजवळच्या एका वकिलाकडून वाचून घेतलं. वकिलाने मराठीत लिहून दिलं. मंजुळाबाईंनी ट्रंकेतून दोन्ही कागद काढले. मराठी कागदावर तीन ओळी होत्या. ‘आपला मुलगा कान्हा ३ मार्च रोजी गेला. त्याचे सामान माझ्यापाशी आहे. उत्तराच्या प्रतीक्षेत.’

"आमी तेराव्यापर्यंत समदं केलं," मंजुळाबाई म्हणाल्या. "पन दामाजीला पटंना. बोलायचा, गेला, पन कनचा गेला? दर्यावर गेला, गावाला गेला, का देवाघरी गेला? मी बोलले, दुसऱ्याला दाखव. तर बोलायचा, एकानं वाचून पोराला मारला, आता मी वाचीन नि उत्तर बी मीच लिवीन. म्हनून त्या डोंबिवलीच्या वर्गाला जायला लागला, साठीच्या वयात. तुमाला येतं वाचाया?"

प्रभाकरपंतांनी चष्मा पुसला आणि कागद उजेडात धरला. मूळ पत्रातही तीनच ओळी होत्या. पहिल्या ओळीत ‘पार्ती’. निघून गेला. त्याला ‘असणे’ लागलेलं. मराठीतला ‘गेला’ जितका दुतोंडी, तितकाच हाही. दुसरी ओळ सामानाची. आणि तिसरी, ‘ज लातां दप्वी.’

दोन शब्दांच्या मधे, वर टिकली असलेला, एकटा ‘ल’.

"बाई," प्रभाकरपंत म्हणाले, "वकिलांनी हे एक अक्षर सोडून दिलं. इथे उत्तराची वाट नाही. ‘तेव्हापासून मी त्याची वाट बघते आहे,’ असं आहे. ‘तेव्हापासून’ आणि वर्तमानकाळ, म्हणजे जे सुरू झालं आणि संपलेलं नाही ते. हे कोणा बाईने लिहिलंय, खाली सही बाईची आहे. मेलेल्या माणसाची कोणी वाट बघत नाही."

"बघतात की," मंजुळाबाई म्हणाल्या.

प्रभाकरपंतांनी पत्राची घडी घातली. मग ते म्हणाले, "दामाजींचा आवाज टेपवर आहे. सतराव्या धड्यापर्यंत. तुम्हाला आणून देतो."

"आवाज कसा असंल?" मंजुळाबाईंनी मान हलवली. "टेपची मशीन पयल्याच म्हयन्यात बंद पडली. भाच्यानं खोलली, ती परत बोलली नाय. नुसता मुका डबा पुढ्यात ठेवून बसायचा नि त्याला विचारायचा. जायच्या दिवसापर्यंत. मंग भाच्यानं समदं रद्दीत घातलं."

पहिल्या महिन्यात वर्गात तिसरा धडा होतो, हे नाथांनी सांगितलेलं प्रभाकरपंतांच्या कानांत होतं. तिसऱ्यापासून सतराव्यापर्यंत कोण बोललं, हा प्रश्न त्यांनी तिथे विचारला नाही, आणि पुढेही कोणाला विचारला नाही, हेमालाही नाही. त्या भर उन्हात त्यांनी फक्त पाणी मागून घेतलं.

मग पत्र लिहिणं आलं. प्रभाकरपंतांनी पाच मसुदे केले. टपाल कचेरीतल्या माणसाने ‘मार्सेय’ वाचून विचारलं, "हे पॅरिसच्या कुठल्या बाजूला?" आणि उत्तराने समाधान न झाल्याने खाली स्वतःच्या हाताने ‘व्हाया पॅरिस’ लिहिलं. चार महिने काही आलं नाही. प्रभाकरपंत रोज पोस्टमनला जिन्यात गाठू लागले. मधू प्रधानांनी अखेर मौन सोडून ब्लड प्रेशर तपासायचा सल्ला दिला. आणि मार्चच्या एका सकाळी पातळ निळ्या कागदाचं पाकीट आलं, नऊ वर्षांपूर्वीच्याच अक्षरातलं.

ते त्यांनी घरी एकट्याने वाचलं. दोनदा वाचलं. कान्हा आईकडे जातो म्हणून निघाला होता. महिनाभरात परत येतो म्हणाला, म्हणून सामान ठेवून गेला. झानीन नावाच्या त्या बाईने सात महिने थांबून त्याच्या गावी पत्र टाकलं. उत्तर आलं नाही, तेव्हा तिची समजूत झाली, की त्याच्या घरच्यांना तो परत पाठवायचा नाही. इतकी वर्षं तो ठाण्याला आहे, असंच ती धरून होती. शेवटी लिहिलं होतं, ‘ज लातां तुझूर.’ या ‘तुझूर’चे अर्थ दोन, ‘नेहमी’ आणि ‘अजून’. कुठलाही लावला तरी चालत होता.

म्हणजे त्या किनाऱ्याला वाटत होतं तो या किनाऱ्याला आहे. आणि मधे सगळा दर्या.

कोळीवाड्याच्या वाटेवर प्रभाकरपंतांच्या मनात आलं, एका वकिलाने एक अक्षर गाळून माणूस मारला. आपण दोन शब्द बदलले तर तो जिवंत होईल. तिथल्या बोटीवर आहे, मजेत आहे, असं वाचायचं. कोण तपासणार? सव्वीस वर्षांत त्यांनी दुसऱ्यांचे शब्द सुधारले होते, पण खोटा शब्द घातला नव्हता. मंजुळाबाईंच्या समोर बसल्यावर त्यांनी पत्र जसं होतं तसं, ओळ न ओळ वाचलं.

मंजुळाबाईंनी पत्र हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिलं. खाडीला भरती लागत होती. आत कोणीतरी रेडिओ लावला आणि लगेच बंद केला.

"तिला वाटलं, आमी तिचा मानूस दडवून ठेवला," त्या म्हणाल्या. "नऊ वर्सं. एकटीच हाय का ती?"

"तसं दिसतंय."

"लिवा. बोलावं, कान्हा इथं नाय. आला पन नाय. बोलावं, त्याचा बाप त्याला शोधाया तुजी भाषा शिकत गेला. आनि बोलावं, एकटीनं वाट नको बघू. हितं ये. दोघी बघू."

प्रभाकरपंतांनी मांडीवर पाटी घेऊन, वर कागद ठेवून लिहायला सुरुवात केली. दोन ओळी झाल्यावर ते थांबले. "बाई, एक अडचण आहे. त्यांच्यातही ‘तू’ आणि ‘तुम्ही’ वेगळं. त्यू आणि वू. अनोळखी बाईला मी आपलं ‘वू’ लिहिलंय. तेच शिष्टाचाराला धरून आहे."

मंजुळाबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की सव्वीस वर्षांच्या लाल पेन्सिलीला आपण अडाणी असल्याचा साक्षात्कार झाला.

"सुनेला कोन अवो-जावो करतं?"

प्रभाकरपंतांनी मान खाली घातली आणि दोन्ही ‘वू’ खोडून वर ‘त्यू’ लिहिला. त्याबरोबर क्रियापदांची शेपटंही बदलावी लागली, आणि कागदावर काट्याकुट्यांचं रान झालं. मंजुळाबाई वाकून बघत होत्या. त्यांना त्यातलं एकही अक्षर वाचता येत नव्हतं, पण तो कागद त्यांनी प्रभाकरपंतांच्या हाताखालून ओढून घेतला.

"खाडाखोड नको," त्या म्हणाल्या. "नवा कागद घ्या. सुनेला पयलंच पत्र जातंय."